बाबांच्या जठरातली शीर फुटली होती, आता ते वारीला निघालेत. जाऊ द्यावं का?

बार्शीची लेक

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब झाली आहे, पण थोडक्यात सांगितलं तर प्रश्नच कळणार नाही.

बाबांचं वय ६४. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही, तंबाखूची पुडी नाही. शुगर मात्र जुनी. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर' आधीही आलं होतं, तेव्हा रिपोर्ट बघणाऱ्यांनी "हे हल्ली सगळ्यांनाच असतं" म्हणून विषय संपवला. प्लेटलेट्स कायम ७०-८० हजारांच्या आसपास. दर पावसाळ्यात ताप आला की डेंग्यूचा संशय, मग पपईच्या पानांचा रस, मग ताप उतरला की सगळं विसरायचं. असं बरीच वर्षं चाललं.

गेल्या महिन्यात एका पहाटे मोरीत उलटीचा आवाज आला. लाइट लावला तर सगळीकडे रक्त आणि रक्ताच्या गाठी. बाबा भिंतीला टेकून बसलेले, घामाने चिंब, आणि मला म्हणतात, "आईला उठवू नकोस." १०८ ला फोन केला, गाडी आली, सोलापूरला पोचलो. नंतर कळलं की दोन दिवसांपासून संडासला काळं होत होतं. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्यामुळे त्यांना वाटलं त्यानेच होतंय.

तिथे लगेच सलाइनमधून एक औषध आणि अँटिबायोटिक सुरू केलं, रक्त चढवलं आणि दुपारच्या आत दुर्बीण घातली. रिपोर्टमध्ये लिहिलंय: सिरॉसिस (लिव्हर घट्ट, गाठीगाठींचं होणं), अन्ननलिकेत ग्रेड २ व्हेरिसेस (फुगलेल्या शिरा), जठरात जीओव्ही-२ (तशाच शिरांचा एक प्रकार), फंडसमध्ये, म्हणजे जठराच्या वरच्या भागात, मोठी शीर, तिथे सायनोॲक्रिलेट ग्लू दिला. पाच-सहा दिवसांनी घरी सोडलं. गोळ्यांत कार्व्हेडिलॉल, लॅक्टुलोजचं पातळ औषध आणि शुगरच्या आधीच्याच. साधारण महिन्याने परत दुर्बीण, त्याआधी पोटाचा सीटी स्कॅन.

आता खरी अडचण. रक्त थांबलं ना, शीर चिकटवली ना, मग परत नळी कशाला, असं बाबांचं म्हणणं. त्या पहिल्या दुर्बिणीचा त्यांनी इतका धसका घेतलाय की नाव काढलं तरी उठून बाहेर जातात. कार्व्हेडिलॉलची पट्टी शेजारच्या मेडिकलवाल्याने पाहिली आणि म्हणाला, ही तर बीपीची गोळी. बाबांना बीपी कधीच नव्हतं, त्यामुळे तीही बंद करायच्या विचारात आहेत. हिमोग्लोबिन ६ होतं, ८ झाल्यावर डॉक्टरांनी रक्त देणं थांबवलं. आमचे एक नातेवाईक अजून म्हणतात की रक्ताच्या पिशव्या वाचवल्या.

खाण्याचं काय ते कुणीच नीट सांगत नाही. आमच्याकडे कडक भाकरी, शेंगाचटणी, ठेचा. कडक भाकरीने आतली शीर परत फुटते असं वॉर्डातल्या एका पेशंटच्या बायकोने सांगितलं, तेव्हापासून आई त्यांना नुसती पेज देतेय.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे वारी. माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चालत जायचा नेम आहे त्यांचा. नोकरीत होते तेव्हासुद्धा रजा साठवून जायचे. यंदा "पांडुरंगाने वाचवलं तर त्याला भेटायला नको?" असं म्हणतात, त्यावर आई रडते आणि माझ्याकडे बघते. एकादशीचा उपासही सोडायला तयार नाहीत.

जाता जाता एक. भेटायला येणारा प्रत्येक जण आवाज बारीक करून विचारतो, "घेत होते का?" माळेकडे बघून विचारतात. याचं उत्तर काय द्यायचं तेही सांगा.

पंचगंगाकाठ

ताई, माझ्या थोरल्या भावाचं हेच झालं. तो मात्र घेत होता, भरपूर घेत होता, त्यामुळे आम्हाला कुणी हळू आवाजात विचारलं नाही, तोंडावरच बोलले. सांगायचा मुद्दा, रोग दोन्हीकडे तोच असतो. शिरेला कळत नाही कोण माळकरी आणि कोण नाही.

एवढ्यासाठी लिहितोय की भावानेही दुसरी एन्डोस्कोपी, म्हणजे दुर्बीण, टाळली होती. पहिल्यांदा रक्त आलं, बँडिंग केलं (शिरेला रबरी कडी घातली), आठवड्याने शेतात उभा. "मला काय झालंय?" ऊस तोडणीचे दिवस होते, तारीख गेली ती गेली. पुढच्या उन्हाळ्यात परत उलटी, आणि या वेळी रक्तापेक्षा दुसऱ्याच गोष्टीने आम्हाला घाबरवलं. दिवसा घोरायचा, रात्री टक्क जागा. सदरा उलटा घालायचा. मला आमच्या वडिलांच्या नावाने हाक मारायला लागला. बायकोला वाटलं, बाहेरचं काहीतरी झालं. डॉक्टर म्हणाले की पोटात सांडलेलं रक्त आतड्यात पचतं, त्यातून अमोनिया तयार होतो, बिघडलेलं लिव्हर तो साफ करत नाही आणि तो मेंदूवर चढतो. लॅक्टुलोज त्याचसाठी असतं. नुसतं पोट साफ व्हायचं औषध समजून बंद करू नका. दिवसाला दोन-तीन वेळा मऊ झालं पाहिजे, एवढा हिशोब ठेवा. त्याहून जास्त जुलाब झाले तर पाणी कमी होऊन वेगळाच ताप, मग डोस विचारून कमी करा.

आम्ही आता काय करतो ते सांगतो. एक पिशवी दाराच्या खुंटीला कायम लटकलेली असते. त्यात शेवटचा दुर्बिणीचा रिपोर्ट, गोळ्यांची यादी, रक्तगट, आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. रात्री दुर्बीण घालणारं हॉस्पिटल कुठलं, ते आधीच फोन करून विचारून ठेवलंय. सगळीकडे रात्री सोय नसते, हे आम्हाला दुसऱ्या वेळी गाडीत बसल्यावर कळलं. आणि परत असं झालं तर कुशीवर झोपवा, पाणी-सरबत-लिंबू काही काही पाजू नका.

निसर्गोपचार_घरोघरी

भुईआवळा, पुनर्नवा, गुळवेल यांचा काढा सकाळी अनशापोटी. लिव्हर नव्यासारखं होतं, स्वतःचा अनुभव. इंग्रजी गोळ्या हळूहळू बंद करा. व्यक्तिगत निरोप पाठवल्यास पत्ता देईन.

रिटायर्ड सिस्टर, मिरज

वरच्या सल्ल्याबद्दल आधी बोलते. सिरॉसिसच्या माणसाला काढे देऊ नका. गुळवेलीबद्दल तर नक्कीच सांगते, २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला सूज आलेल्या सहा पेशंटची माहिती प्रसिद्ध केली होती. आणि कार्व्हेडिलॉल "हळूहळू बंद करा" हे लिहिणाऱ्याने एकदा रात्रपाळीला आमच्या शेजारी उभं राहून बघावं.

मी नर्स, त्यातली बरीच वर्षं एन्डोस्कोपी रूममध्ये. डॉक्टर नाही, तेव्हा डोस सांगणार नाही. टेबलापाशी जे बघितलं ते सांगते.

आतडी, जठर आणि प्लीहा यांच्याकडचं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. सिरॉसिसमध्ये लिव्हर आतून घट्ट आणि गाठीगाठींचं झालेलं असतं, रक्ताला वाट मिळत नाही, मागे दाब वाढत जातो. तुमचे बाबा एसटीवाले, त्यांना असं सांगा: घाटात दरड कोसळली की गाड्या खेड्यापाड्यांतल्या अरुंद रस्त्याने वळवतात ना, तसं हे रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारक्या शिरांतून वळतं. त्या रस्त्यांची तेवढी ताकद नसते. हा दाब मोजता येतो. बीपीसारखाच, पाऱ्याच्या ५ मिलिमीटरपर्यंत ठीक, १० च्या पुढे शिरा फुगू लागतात, १२ च्या पुढे फुटायची भीती. म्हणजे बघा, रक्त थांबलं तरी दाब तिथेच आहे. ग्लूने एक शीर बुजली, दरड हटलेली नाही.

प्लेटलेट्सचंही कोडं इथेच सुटतं. मागे रक्त तुंबलं की प्लीहा सुजते आणि प्लेटलेट्स तिच्यातच अडकून पडतात. वर्षानुवर्षं प्लेटलेट्स कमी आणि सोबत शुगर, वजन, फॅटी लिव्हर, असा माणूस दिसला की आमचे सर डेंग्यूआधी लिव्हर तपासायला लावायचे. पपईच्या पानाने ती प्लीहा लहान होत नाही.

जीओव्ही-२ म्हणजे काय? जठरातल्या शिरांची ही वर्गवारी दिल्लीच्या डॉ. शिवकुमार सरीन यांनी मांडली आणि आज जगभर तीच वापरतात. अन्ननलिकेतली शीर जठराच्या आतल्या बाकावरून खाली उतरली तर जीओव्ही-१. ती वरच्या घुमटाकडे, म्हणजे फंडसकडे वळली तर जीओव्ही-२. अन्ननलिकेत काहीच नाही आणि नुसत्या फंडसमध्ये शिरा असल्या तर आयजीव्ही-१. जठरातल्या शिरा अन्ननलिकेतल्यांपेक्षा कमी वेळा फुटतात, पण फुटल्या तर नळ सोडल्यागत. मोठ्या असतात आणि खोलवर असतात.

म्हणूनच तिथे बँड चालत नाही. अन्ननलिकेतल्या शिरेला रबरी कडी घालतात, ती शीर सुकून कडीसकट गळून पडते. फंडसमधल्या जाड शिरेवर कडी पूर्ण बसत नाही, आणि ती गळाली की खाली उघडी शीर. तिथे ग्लू. बाजारात झटकन चिकटवणारा गोंद मिळतो त्याच जातीचं रसायन. रक्ताला लागलं की काही सेकंदांत दगड. आमच्या रूममध्ये ग्लूचा पेशंट आला की सगळे चष्मे चढवायचे, पेशंटचेही डोळे झाकायचो, कारण एक थेंब उडाला तर पापण्या चिकटतील. सुई वेळेत मागे घ्यायची, नाहीतर शिरेतच रुतते. दुर्बिणीच्या टोकाला आधी तेल लावून ठेवायचं. ते पाच-दहा मिनिटं कुणी एकमेकांशी बोलत नसे. डॉक्टर "नाऊ" म्हणाले की मी पिचकारी दाबायची.

आता परत नळी कशाला, तर दोन कामं असतात. एक, नळीच्या टोकाने ती शीर दाबून बघतात. कडक लागली तर बुजली, मऊ लागली तर आत रक्त वाहतंय, मग अजून ग्लू लागतो. तो घट्ट झालेला ग्लू पुढच्या काही आठवडे-महिन्यांत आपोआप बाहेर पडतो आणि तिथे जखम राहते, तीही बघावी लागते. दुसरं, अन्ननलिकेतल्या ग्रेड २ च्या शिरा अजून तशाच आहेत, त्यांना बँड लागतील. बँडिंग एका बैठकीत संपत नाही, शिरा नाहीशा होईपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने करतात. बँडनंतर एक-दोन दिवस छातीत दुखतं, गिळताना टोचतं. पहिले दोन आठवडे जपायचे, कडी गळून पडते तेव्हा कधीकधी रक्त येतं.

सीटी चुकवू नका. पुष्कळदा फंडसच्या शिरेला डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेपर्यंत एक मोठी आडवाट तयार झालेली असते. ती फार मोठी असली तर ग्लू वाहून फुप्फुसात जाऊ शकतो. मग मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून नळी नेऊन फुग्याने ती वाट बंद करतात, त्याला बीआरटीओ म्हणतात. ते काम गॅस्ट्रोवाल्यांचं नसतं, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टचं असतं, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सगळीकडे होत नाही. आधी कळलं तर पुण्याला जायची तयारी करता येते.

बाबांच्या धसक्याबद्दल. पहिल्या वेळी त्यांना पोटभर रक्त असताना, अर्धवट शुद्धीत, घाईत नळी घातली. त्यावरून पुढच्या वेळेचा अंदाज बांधू नये. ठरवून केलेल्या दुर्बिणीला उपाशीपोटी बोलावतात, घशात बधिर करायचा फवारा मारतात आणि झोपेचं हलकं इंजेक्शन मागता येतं. मागा. लिव्हरचा पेशंट आहे म्हणून औषध जपून निवडतात, पण मिळतं. ओरडणारे, हात झटकणारे, मला चावलेलेसुद्धा पेशंट पुढच्या वेळी उठून विचारायचे, "झालं? एवढंच?"

आणि आईंना पेज बंद करायला सांगा. भाकरीने फंडसमधली शीर फुटत नाही, दाबाने फुटते. ग्लू किंवा बँडनंतर थोडे दिवस मऊ खायचं, दुधात कुस्करलेली भाकरी चालेल. पुढे कडक भाकरी खाऊ दे. खरी भीती मिठाची. पोटात पाणी व्हायची शक्यता असते, तेव्हा पापड, लोणचं, ठेच्यातलं मूठभर मीठ, वेफर्स यांना आवर घाला. डाळ, दूध, पनीर, सोयाबीन, मूग भरपूर द्या. हातपाय काटकुळे झाले तर तो स्नायू परत भरून आणणं फार कठीण जातं.

गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून गोळी आणायची नाही, हे मात्र घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, यातलं काही नाही. चालणाऱ्या माणसांना ही सवय असते म्हणून मुद्दाम लिहिते. काय चालेल ते डॉक्टर सांगतील. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या आत बहुतेकदा चालतं, तेही त्यांना विचारूनच.

बार्शीची लेक

सिस्टर, तुमची पोस्ट मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. दरडीच्या वाक्याला थांबवून म्हणाले, "परत वाच." मग म्हणाले, "मग दरड काढायची सोय नाही का?" मला उत्तर देता आलं नाही.

दुर्बिणीला जवळजवळ तयार झालेत. झोपेचं इंजेक्शन देणार असतील तरच, अशी अट. वारीचं मात्र काही बोलत नाहीत, आणि ते गप्प बसले की ठरवलेलं असतं. बीपीच्या गोळीचं कुणी सांगेल का?

डॉ. गॅस्ट्रो, संभाजीनगर

सिस्टरनी माझं बरंच काम केलंय. फक्त उरलेलं लिहितो. पेशंट मी तपासलेला नाही, शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचा.

कार्व्हेडिलॉल इथे बीपीसाठी नाहीच. ही गोळी पोटाकडून पोर्टल व्हेनमध्ये येणारं रक्त कमी करते आणि लिव्हरच्या आतला अडथळाही थोडा सैल करते, त्यामुळे शिरेतला दाब उतरतो. काहीच केलं नाही तर एकदा रक्त आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना एक-दोन वर्षांत परत येतं. गोळी आणि दुर्बीण या दोन्हींनी मिळून ते कमी होतं, एकाने भागत नाही. घरी बीपीचं मशीन ठेवा. वरचा आकडा ९० च्या खाली जाऊ लागला, लघवी कमी झाली, चक्कर येऊ लागली तर फोन करा. मनाने बंद करू नका, एकदम तर नाहीच.

तुमच्या बाबांना शुगर आहे, त्यामुळे एक जादा गोष्ट. शुगर उतरली की छाती धडधडते, हात कापतात, त्यावरून माणसाला कळतं. या गोळीमुळे ती धडधड आणि कापरं दबून जातं. घाम मात्र येतो. तेव्हा नुसता घाम आला तरी शुगर तपासायची. सिरॉसिसमध्ये लिव्हरमधला साखरेचा साठा तुटपुंजा असतो, तशात उपास आणि शुगरची गोळी एकत्र आले तर काय होईल ते सांगायला नको. शुगरच्या "आधीच्याच" गोळ्या चालू आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्या तशाच ठेवायच्या की बदलायच्या, हे पुढच्या भेटीत आवर्जून विचारा.

एकादशीबद्दल मी माझ्या पेशंटना स्पष्ट नाही म्हणतो. सिरॉसिसच्या माणसाचं शरीर एका रात्रीच्या उपासात तेवढं झिजतं, जेवढं निरोगी माणसाचं दोन-तीन दिवस उपाशी राहिल्यावर झिजेल. स्नायू जाळून ते काम चालवतं. उलट आम्ही झोपताना काहीतरी खायला लावतो, दूध-पोळी, मुगाची खिचडी, काहीही. माझ्या ओपीडीत एका महाराजांनीच एका पेशंटला "औषध म्हणून खा, उपास मोडत नाही" असं सांगितलं होतं आणि माझं काम सोपं झालं होतं. तुमच्या फडावरच्या कुणा वडीलधाऱ्याकडून हे वदवून घ्या.

रक्त ८ वर थांबवलं ते बरोबर केलं. पिशव्या वाचवल्या नाहीत. जास्त रक्त चढवलं की त्या शिरेतला दाब परत वाढतो आणि बुजलेली जागा उघडते. २०१३ मध्ये बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी ९२१ पेशंट घेऊन हेच तपासलं. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेल्यांत सहा आठवड्यांनी ९५ टक्के जगले, सढळ हाताने दिलेल्यांत ९१ टक्के. नातेवाइकांना हा आकडा सांगा.

वारी. आळंदीपासून चालत, यंदा नाही. त्यात मला शंका नाही. रक्त येऊन महिना-दीड महिना झालेला, बँडिंग अर्धवट, उन्हात चालताना बीपी उतरणार, पंगतीतलं मीठ, आणि रात्री नातेपुत्याच्या माळावर उलटी झाली तर दुर्बीण असलेल्या हॉस्पिटलपर्यंत किती वेळ लागेल याचा हिशोब करा. पालखीसोबत आरोग्य पथकं असतात, पण ती दुर्बीण घालू शकत नाहीत. पुढची दुर्बीण झाली, शिरा कडक लागल्या, पोटात पाणी नाही, डोकं साफ आहे, असं असेल तर वाखरीपर्यंत गाडीने नेऊन पुढचं जमेल तेवढं चालवायला मी हो म्हणेन, सोबत घरचं माणूस आणि डबा. चालणं त्यांना चांगलंच आहे. घरी रोज चालू दे.

दरड काढायची सोय आहे का, हा त्यांचा प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. दोन उत्तरं आहेत. एक टिप्स. लिव्हरच्या आतून जाळीची नळी टाकून रक्ताला नवीन वाट करून देतात. दाब खरोखर उतरतो, पण रक्त लिव्हरला वळसा घालून जात असल्याने अमोनियाचा त्रास वाढू शकतो, म्हणून माणूस निवडून करतात. दुसरं प्रत्यारोपण. एकदा रक्त आलं म्हणजे लिव्हर थकल्याची खूण झाली, त्यामुळे आता निदान एकदा प्रत्यारोपण केंद्रात दाखवून घ्या. दाखवलं म्हणजे लगेच करायचं असं नाही. मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव हॉस्पिटलमार्फतच झेडटीसीसीकडे (अवयव प्रत्यारोपणाचं विभागीय समन्वय केंद्र) जातं, तुमच्या भागाचं काम पुण्यातून चालतं. खर्चाबद्दल, महात्मा फुले योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण कुठली प्रक्रिया पॅकेजमध्ये बसते ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) दाखल होण्याआधी विचारा.

दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या कॅन्सरची शक्यता असते, लहान असताना सापडला तर इलाज होतो.

"घेत होते का" याला माझं नेहमीचं उत्तर: "नाही, शुगरने झालं. तुमची शुगर किती आहे?" विचारणारा पुढे फार विचारत नाही.

बार्शीची लेक

डॉक्टर, शेवटचं उत्तर आईने पाठ केलंय.

महाराजांचं जमवते. आमच्या दिंडीचे वीणेकरी बाबांचे जुने मित्र आहेत, त्यांना फोन करून सगळं सांगितलं, ते उद्या घरी येतायत. सीटीची तारीखही मिळाली.

एक अजून, बाबांसाठी नाही. माझा भाऊ ३८ चा आहे. पुण्यात बसून काम, वजन ९२, गेल्या वर्षी शुगर निघाली, आणि सोनोग्राफीत तेच दोन शब्द, 'फॅटी लिव्हर'. त्याच्या कंपनीच्या तपासणीत एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) नॉर्मल आहे म्हणून तो निवांत आहे. त्याने काही करायला हवं का?

डॉ. गॅस्ट्रो, संभाजीनगर

हो. एसजीपीटी नॉर्मल असूनही लिव्हर घट्ट होत गेलेले पेशंट आम्हाला नेहमी दिसतात, त्यामुळे त्या एका आकड्यावर निवांत राहू नये. त्याच्या तपासणीत चार गोष्टी आधीच असतील: वय, एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट्स. त्यांवरून लिव्हर किती घट्ट झालंय याचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा आकडा निघतो, मोबाइलवर कुठेही कॅल्क्युलेटर मिळेल. १.३ च्या खाली आला तर सध्या बरं आहे, वजन दहा टक्के उतरवायच्या मागे लागायचं आणि एक-दोन वर्षांनी परत काढायचा. वर आला तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हरचा घट्टपणा मोजणारी तपासणी, करून घ्यायचं. सुईबिई काही नसते, सोनोग्राफीसारखंच, पाच-दहा मिनिटांत होतं, फक्त आधी तीन तास काही खायचं नाही. प्लेटलेट्स दीड लाखाच्या खाली असल्या तर मात्र कॅल्क्युलेटर वगैरे बाजूला ठेवून थेट दाखवायला पाठवा. आकडे इथे टाकलेत तर काढून देतो.